आक्काचं अस्तर

या व्यवहारात धनाजी खराडेला काय मिळणार होतं, हे सांगायला फार डोकं लागत नव्हतं. त्याला भाकरी मिळणार होती. घास तोंडातून घशाखाली जाणार होता आणि गळ्याजवळच्या नळीतून थेंबथेंब शिरणारं ते दुधाळ पाणी बंद होणार होतं. धंदा परत मिळणार होता, कारण जो आचारी स्वतः रस्सा चाखू शकत नाही त्याच्यावर लग्नघरं किती काळ भरवसा ठेवतील? आणि या सगळ्याच्या खाली, कुणी मोठ्याने न बोललेला, त्याचा जीव.

त्याच्या थोरल्या बहिणीला, शालनआक्काला, काय मिळणार होतं ते मात्र मला सापडत नव्हतं. आणि जिथे काही सापडत नाही, तिथेच मला संशय येतो.

माझं कामच ते. मिरजेतल्या आमच्या रुग्णालयात जो कुणी आपल्या शरीराचा काही भाग दुसऱ्याला द्यायला येतो, त्याची मुलाखत मी घेते. देणाऱ्याने राजीखुशीने द्यावं, असं कायदा सांगतो. राजीखुशी हा मोठा लबाड शब्द आहे. बायकोला किडनी देताना सासऱ्याच्या फ्लॅटच्या खोल्या मोजणारा नवरा मी पाहिलाय. धाकट्याला यकृताचा तुकडा देऊन पुढे जन्मभर त्याला तालावर नाचवणारा थोरलाही पाहिलाय. ही माणसं वाईट नव्हती. फुकट कुणी देत नाही, एवढंच माझं म्हणणं.

आक्का साठीच्या होत्या. विट्याजवळच्या एका गावात एकट्या राहायच्या. खुर्चीच्या अगदी काठावर बसल्या होत्या, बोलावणं आलं की उठता यावं अशा.

"आक्का, यात तुमचा फायदा काय?"

"माझा? त्यो जेवंल की."

"ते त्याचं झालं. तुमचं काय?"

"आवो मॅडम, त्यो जेवला की माझं झालंच की."

असली उत्तरं मी शंभरदा ऐकली आहेत, म्हणून मी घरचं विचारलं. नवरा पाच वर्षांपूर्वी गेलेला. मूलबाळ नाही. नवऱ्याचं नाव निघालं तसा चेहरा उजळला. "लई गुणाचा मानूस. सासू माझ्या लग्नाआधीच गेल्याली. घरात आमी दोघंच. ताट वाढलं तरी मी बसल्याबिगर घास उचलायचं न्हाईत."

बाहेर व्हरांड्यात धनाजीची बायको वैशाली मला गाठायला उभीच होती. "मॅडम, आक्कांचं काही मागणं असेल तर आत्ताच विचारून घ्या. जमिनीवरचा हक्क त्यांनी मागेच सोडलाय, पण माणसाचं मन कधी फिरेल काय सांगावं?"

मला वैशाली आवडली. आम्ही दोघी एकाच धंद्यातल्या.

*

आता थोडं आतड्याविषयी, कारण पुढचं सगळं तिथेच घडलं.

आतड्याची भिंत चार पदरी असते. बाहेरचे पदर आवळायचं, पुढे ढकलायचं काम करतात. खरी कमाई सगळ्यात आतल्या पदराची, म्हणजे अस्तराची. सूक्ष्मदर्शकाखाली ते आंघोळीच्या जाड टॉवेलसारखं दिसतं, दाट, उभ्या धाग्यांचं. हे रसांकुर, अन्नातला रस शोषतात ते हे. धाग्यांच्या मधे खाली विहिरीसारख्या खोल खळग्या असतात आणि तळाशी मूळपेशी बसलेल्या असतात. त्या सतत नव्या पेशी जन्माला घालतात. नवी पेशी विहिरीतून वर सरकते, धाग्याच्या शेंड्याला पोचते आणि गळून पडते. आठवडा संपायच्या आत तुमचं-माझं आतडं आतून नवं झालेलं असतं. तळाच्या मूळपेशी मात्र जुन्याच राहतात.

वर येणाऱ्या पेशींतल्या बहुतेक शोषण करतात. काही पेल्याच्या आकाराच्या असतात, त्या बुळबुळीत थर सोडून भिंत राखतात. आणि शेकड्यात एखादी असते ती खबरी. हे नाव आमच्या ऊतितज्ज्ञ डॉ. मुजावरांनी दिलेलं. खबरी पेशी आलेलं अन्न चाखते आणि निरोप धाडते. पित्ताशयाला, आवळ. स्वादुपिंडाला, रस सोड. यकृताला, साखर येतेय, जागा कर. आणि मेंदूला, आता पुरे.

धनाजीचं अस्तर एका जंतुसंसर्गात जळून गेलं होतं. धागे गेले, विहिरी बुजल्या. नळी शाबूत, पण आतून काचेसारखी गुळगुळीत. तो जे खाई ते तसंच बाहेर पडे. दहा वर्षांपूर्वी अशा माणसाला आम्ही शिरेतून पोसत राहिलो असतो, शिरा संपेपर्यंत. आता रक्ताच्या नात्यातल्या जुळणाऱ्या माणसाच्या आतड्यातून दुर्बिणीने नखाएवढा तुकडा काढतात, त्यातल्या मूळपेशी जाळीवर वाढवतात, आणि हातरुमालाएवढं अस्तर तयार झालं की ते आतून बसवतात. तिथून ते आपलं आपण पसरतं. देणाऱ्याचं नुकसान म्हणाल तर एक दुपार घसा दुखतो.

एकच अडचण असते. अस्तराला आठवण असते.

वाढीच्या वयात माणसाची उपासमार झाली तर मूळपेशींच्या जनुकांवर रासायनिक खुणा बसतात, शिंपी कापडावर खडूने करतो तशा. कापड तेच राहतं, पण शिवण कुठून जायची ते खुणा ठरवतात. म्हणून आम्ही देणाऱ्याला आधी विचारतो: लहानपणी जेवणाची आबाळ झाली होती का? हो म्हटलं तर खुणा तपासतात आणि औषधाने पुसतात. नाही म्हटलं तर तसंच पुढे जातात.

हा प्रश्न मी धनाजीच्या खाटेपाशी विचारला, आक्का समोर असताना. उत्तर धनाजीनेच दिलं. आवाज खोल गेला होता, पण आचाऱ्याची ऐट शिल्लक होती.

"आबाळ? मॅडम, आमच्या घरात कुणी उपाशी झोपलं न्हाई. आई लवकर गेली, पण आप्पा बोअरच्या गाडीवर कर्नाटकात असायचे, पैसे धाडायचे. आक्का भाकरी थापायची आणि मी तीन-तीन हाणायचो. होय का न्हाई, आक्का?"

"व्हय. भरपूर व्हतं," आक्का म्हणाल्या.

"म्हणून तर माझ्या पंगतीतनं कुणी अर्धपोटी उठत न्हाई. घरचं वळण हाय ते." मग तो मला धंद्यातली गोष्ट सांगायला लागला. "वाढप्याला नजर पायजे, मॅडम. मानूस 'नको नको' म्हणतो तवा ताटाकडं बघायचं न्हाई. गळ्याकडं बघायचं. भूक असंल तर गळा हलतोय."

"माझ्या गळ्याकडं वीस वर्षांत बघितलं का कधी?" वैशाली म्हणाली.

"तुझा सारखाच हलतोय, बोलून बोलून."

आक्का पदर तोंडाला लावून हसल्या. मी 'आबाळ नाही' असं टिपून घेतलं आणि पुढच्या कामाला लागले.

*

अस्तर बसलं. आठ दिवसांनी डॉ. मुजावरांनी नमुना पाहिला आणि मला हाक मारून पडद्यावर दाखवला. उघड्या खडकावर हिरवळ यावी तसे धागे उभे राहिले होते. धनाजीने भाताची पेज प्यायली, मग खिचडी, मग भाकरी. वॉर्डात पेढे वाटले गेले.

आणि तिथेच सगळं अडलं. पाव भाकरी झाली की तो हात आखडायचा. पोट तुडुंब भरलंय म्हणायचा, पुढचा घास दिला तर उमळून यायचं. वैशालीने पिठलं, खर्डा, मटणाचा अळणी रस्सा, जे जे त्याला आवडायचं ते डब्यातून आणून पाहिलं. तो वास घेऊन खूश व्हायचा, तीन घास खायचा, की झालं. वजन उतरत चाललं. नळी पुन्हा सुरू करावी लागली, आणि ती घालायला धनाजीच्या अंगात आता एकच धड शीर उरली होती. ती बंद पडली की आमच्याकडे करण्यासारखं काही उरणार नव्हतं.

"अस्तर उत्तम आहे," डॉ. मुजावर पडद्याकडे बघत म्हणाल्या. "धागे सरळ, विहिरी खोल. फक्त खबरी पेशी बघा. भाकरीचा कण दिसला रे दिसला की मेंदूला 'पुरे'. पित्ताशय धड आवळतही नाही, तोवर जेवण संपल्याचा निरोप."

"असं का करतात?"

"भाकरी मिळणारच नसेल तर भूक कळवून काय उपयोग? शरीर शहाणं असतं. मी आज खुणा तपासल्या. इतक्या गडद खुणा मी फार थोड्या पाहिल्यात."

"पण आबाळ झाली नाही असं त्यांनी सांगितलंय."

"कुणी? बहिणीने की भावाने?"

मी माझं टिपण उघडून पाहिलं.

पुसता येईल, त्या म्हणाल्या. बसवलेल्या पट्ट्यावरच उघडेल अशा कॅप्सूलमधून औषध देता येतं. पण किती द्यायचं, ते उपासमार कोणत्या वयात सुरू झाली आणि किती वर्षं चालली यावर ठरतं. खुणा आहेत हे यंत्र सांगतं. कधीच्या आहेत ते यंत्राला कळत नाही. औषध कमी पडलं तर खुणा तशाच राहतात. जास्त झालं तर मूळपेशींचा लगाम सुटतो, आणि लगाम सुटलेल्या मूळपेशीला आपण कर्करोग म्हणतो.

"बहिणीला विचारा. एकटीला विचारा."

*

मी आक्कांना कॅन्टीनमध्ये घेऊन गेले. पोह्यांची बशी मागवली. तीन चमचे खाऊन त्यांनी बशी माझ्याकडे सरकवली. "घ्या, माझं झालं." इतके दिवस मी हे बघत होते आणि त्याला बायकी संकोच समजत होते.

मी सरळ विचारलं. आधी त्या नाहीच म्हणाल्या. खुणांचं सांगितल्यावर बराच वेळ चहाच्या कपावर बोट फिरवत राहिल्या आणि मग म्हणाल्या, "सासरी. लग्नानंतर. सासू कडक व्हती. धा वर्सं काढली तशी."

सांगण्यात काही कमी नव्हतं. सासूचा डोळा, कुलूप लावलेलं फडताळ, सगळं होतं. टीव्हीवर पाहिलेलं असावं. मी थोडा वेळ ऐकून घेतलं.

"आक्का, सासू तर तुमच्या लग्नाआधीच गेली होती. तुम्हीच सांगितलंत. आणि मालक तुम्ही बसल्याशिवाय घास उचलत नव्हते."

त्यांचं बोट कपावर थांबलं.

"मालक गेलं," त्या हळू म्हणाल्या. "आता त्यास्नी कोन काय म्हनलं तर काय लागतंय? मेल्याल्या मान्साच्या नावावर घातलं तर कुनाचं काय जातंय?"

"आणि खरं सांगितलं तर कुणाचं जाईल?"

"धनाचं." मग पहिल्यांदाच त्या खुर्चीवर नीट मागे टेकून बसल्या. "तुमी इचारलं व्हतं न्हवं, माझा फायदा काय? त्यो कसा म्हनतोय, आमच्या घरात कुनी उपाशी झोपलं न्हाई. गावात म्हनतोय, पंगतीत म्हनतोय, पोरास्नी सांगतोय. त्या एका वाक्यावर त्यो उभा ऱ्हायला, मॅडम. ते वाक्य हाय न्हवं, ती माझी कमाई. तेवढीच. तीच काडून द्या म्हनताय."

इतक्या वर्षांत देणाऱ्याचा फायदा इतक्या स्पष्ट शब्दांत मला कुणी सांगितला नव्हता. आणि तो मला हातातून काढून घ्यायचा होता.

"सासरचं वय धरून औषध दिलं तर मात्रा चुकेल," मी म्हटलं. "मग तुमच्या वाक्यावर उभं राहायला तोच नसेल."

त्यांनी उरलेला चहा पिऊन टाकला. मग सांगितलं, भाजीचा भाव सांगावा तसं. आई गेली तेव्हा त्या बाराच्या होत्या, धना पाचाचा. आप्पांचे पैसे यायचे तेव्हा यायचे, नाही तेव्हा नाही. पीठ असेल तेवढ्या भाकऱ्या व्हायच्या. धना वाढत्या अंगाचा, तीन मागायचा. "तू न्हाई खात?" म्हणून विचारायचासुद्धा. गुणाचं पोर. त्या म्हणायच्या, मी चुलीपाशीच खाल्लं. तव्याला चिकटलेला पापुद्रा खाल्लेला असायचा, म्हणजे अगदीच खोटंही नव्हतं. एकोणिसाव्या वर्षी लग्न होईपर्यंत हेच.

"पयल्या पयल्यानं पोट लई ओरडायचं," त्या म्हणाल्या. "मग गप झालं. मला वाटलं, बरं झालं, सवय झाली."

*

औषध का द्यायचं ते रोग्याला सांगून त्याची सही घ्यावी लागते. ते सांगणं माझं काम. पण वॉर्डाच्या दारात आक्कांनी माझा हात धरून मला मागे ठेवलं.

आत वैशाली ताट घेऊन बसली होती. "चिमणीएवढं खाल्लंय. अजून एक घास."

"झालं माझं. खरंच पोट भरलंय. तू खा," धनाजी म्हणाला.

आक्का आत गेल्या आणि खाटेच्या कडेला बसल्या. "धना, मी चुलीपाशी खात न्हवते."

त्याला आधी कळलंच नाही. मग तो ताटातल्या पाऊण भाकरीकडे बघत राहिला. स्वतःच्या पोटावर हात ठेवला. त्या पोटात आत्ता काय चाललंय आणि ते कुणाचं आहे, हे त्याला एकाच वेळी कळलं असावं.

"कधीपास्नं?"

"आई गेल्यापास्नं."

"मी तिसरी मागायचो."

"मागायचास."

"आन् तू द्यायचीस. कुनाची व्हती ती?"

आक्कांनी ताट त्याच्याकडे सरकवलं. धनाजीने मान वर केली आणि त्यांच्या गळ्याकडे पाहिलं. तीच वाढप्याची नजर, पंचेचाळीस वर्षं उशिरा आलेली.

मी औषधाचं सांगितलं. तो ऐकत होता की नाही कोण जाणे. सहीसाठी टॅब पुढे केला तर म्हणाला, "आक्काचं पन पुसा. तिचं आधी."

ते होणार नव्हतं. त्याच्या पोटात औषध हातभर पट्ट्यावर टाकायचं होतं. आक्कांचं अख्खं आतडं, वीस फूट, आणि वय साठीपुढचं. लगाम कुठे सुटेल ते कुणी सांगू शकत नव्हतं. डॉ. मुजावर स्वतः येऊन दोनदा समजावून गेल्या. धनाजीने भिंतीकडे तोंड केलं. तिचं पुसणार नसाल तर माझंही नको. आहे ते आहे. वैशाली रडली, भांडली, शेवटी आक्कांपुढे जाऊन उभी राहिली. ज्या बाईचं मागणं आधीच विचारून घ्या म्हणत होती, तिच्याकडेच आता मागत होती. "आक्का, तुमच्या शब्दाशिवाय हे ऐकायचे नाहीत."

आक्का भावाच्या पाठीकडे बघून बोलल्या. आवाज चढलेला नव्हता.

"ती तिसरी भाकरी मी तुला वाया घालवाय दिली व्हय रं?"

थोड्या वेळाने, तोंड न वळवता, त्याने हात मागे केला. मी त्यात टॅब दिला.

*

दिवाळीनंतर त्याने मला आणि डॉ. मुजावरांना गावी जेवायला बोलावलं. अंगात मांस भरलं होतं. सकाळपासून स्वतः चुलीपाशी होता, कुणाला फिरकू दिलं नव्हतं. पण गप्पांत कुठेही ते जुनं वाक्य आलं नाही. शेजारच्या कुणीतरी "खराड्यांच्या घरात काय कमी!" असं म्हटलं, तेव्हा तो पाणी आणायला उठून गेला.

पहिलं पान त्याने आक्कांचं मांडलं. आम्ही पाहुणे असूनही आमचं नाही. स्वतः वाढलं, समोर बसला. आक्का जेवल्या, चवीने जेवल्या. पाव भाकरीला हात थांबला.

"झालं रं. लई झाक झालंय."

"आक्का, एकच घास."

"खरंच पोट भरलं."

तो त्यांच्या गळ्याकडे बघत होता. गळा हलला नाही. शेकडो पंगतींत 'नको' म्हणणाऱ्यांना त्याने वाढलं होतं, पण या माणसाला आग्रह करायला आता जागाच उरली नव्हती. बाई खरं बोलत होती.

मग आक्कांनी त्याला बसवलं. आम्ही सगळे जेवलो.

मी माझ्या सवयीने बेरीज करत बसले. धनाजीला भाकरी मिळाली, धंदा मिळाला, जीव मिळाला. वैशालीला नवरा मिळाला, आणि जिच्यावर संशय घ्यावा अशी नणंद गमावली, म्हणजे तीही थोडी तोट्यातच. डॉ. मुजावरांचा निबंध छापून आला. त्यात आक्का 'दात्री, स्त्री, वय बासष्ट' एवढ्याच आहेत. एकच अस्तर दोन पोटांत होतं. त्याच्या पोटातलं विसरलं. जिथून आलं तिथलं विसरणार नव्हतं. बाराव्या वर्षी जी किंमत द्यायला सुरुवात केली होती ती आक्का अजून रोज दोन वेळा देत होत्या, आणि त्यावर मिळालेली एकुलती एक कमाईही त्यांनी कॅन्टीनच्या टेबलावर ठेवून दिली होती.

धनाजीने दोन भाकऱ्या संपवल्या. आक्कांनी आपल्या ताटातली उरलेली पाऊण भाकरी उचलली आणि त्याच्या ताटात ठेवली. ठेवताना विचारलंसुद्धा नाही.

त्याने ती बराच वेळ पाहिली. नाही म्हणावं असं त्याला फार वाटत असणार, पण गळा हलला. भूक खरी होती. या वेळी भाकरी कुणाची ते माहीत असूनही त्याने ती खाल्ली, सगळी, एक तुकडाही न ठेवता, आणि आक्का हात धुवायचा विसरून त्याच्याकडे बघत बसल्या.